स्वस्त सिम आणि काकूंचा कान

काकू कामावर असल्या की त्यांचा उजवा कान भिंतीचा आणि डावा कान नवऱ्याचा. उजव्या कानाशी स्टीलचा पेला, त्याचं तोंड भिंतीला टेकवलेलं. डाव्या कानात इअरफोन, आणि त्यातून गच्चीवरचे मिस्त्री बोलत असायचे.

मिस्त्री म्हणजे काकूंचे यजमान. पेशानं प्लंबर. भिंतीच्या पोटात कुठेतरी पाइप झिरपतोय, बाहेर ओलीचे डाग पडतायत, पण नेमकी गळती कुठे ते कळत नाही, अशा घरांतून या जोडप्याला बोलावणं यायचं. मिस्त्री वर टाकीपाशी जाऊन एकेका लाइनचा वॉल्व उघडायचे, बंद करायचे. काकू खाली डोळे मिटून भिंतीतलं पाणी ऐकायच्या.

"उघडा."

"उघडला."

"बंद करा... पुन्हा उघडा. अर्धाच."

असं करत करत पेला सरकायचा, आणि एका ठिकाणी काकू खडूनं फुली मारायच्या. मिस्त्री खाली येऊन तिथेच छिन्नी लावायचे. फुली चुकली तर भिंत फुकटची फुटणार आणि ती पदरमोड करून भरून द्यावी लागणार, म्हणून घाई चालायची नाही. सकाळी लावलेला फोन जेवणाच्या सुट्टीपर्यंत तसाच चालू राहायचा.

आता इतका वेळ फोन कानाला आणि बोलायचं काय, तर फक्त 'उघडा' आणि 'बंद करा'? ते मिस्त्रींच्यानं व्हायचं नाही. वॉल्वचं चाक फिरू लागलं की त्यांची जीभही फिरू लागायची. समोरच्या गच्चीवर कुणी दुसऱ्याचाच सदरा वाळला म्हणून काढून नेला, टाकीवर बसलेली कबुतराची जोडी कशी भांडतेय, लहानपणी ते स्वतः कसे हौदात पडले होते आणि वडिलांनी आधी बादली वाचवली, मग त्यांना. मधूनच एखाद्या गाण्याची ओळ. सूर असायचा, शब्द नसायचे.

"अगं, ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

"मला ऐकतेस की भिंतीला?"

"भिंत जरा शहाण्यासारखं बोलते."

आणि वरून गडगडाटी हसू यायचं. ते हसू ऐकून काकूंच्या तोंडावर जे काही उमटायचं, ते पाहायला समोर फक्त न्हाणीघराची फरशी असायची.

हाच माणूस घरी आला की पायताणांबरोबर शब्दही दाराबाहेर काढून ठेवायचा. 'हं.' 'नको.' 'झोपतो.' संपला संवाद. राग नाही, रुसवा नाही, व्यसन तर मुळीच नाही. नुसतं तोंडाला कुलूप. लेक लग्न होऊन गेल्यापासून तर घर इतकं गप्प झालं होतं की काकू कधीकधी कुकरच्या शिट्टीला "आले गं" म्हणून उत्तर द्यायच्या.

आपला संसार घरात चालत नाही, तो फोनवर चालतो, हे काकूंनी फार पूर्वी ओळखलं होतं. त्याचं त्यांनी कधी दुःख केलं नाही. कुठे का होईना, चालतोय ना? लोक सुट्टीची वाट बघतात, काकू गळतीची बघायच्या. कुणाच्या घरी भिंत ओली झाली की त्यांचा दिवस उजळायचा.

आणि अशा सुखाच्या संसारात भावजींनी प्रवेश केला.

भावजी म्हणजे मिस्त्रींचे धाकटे भाऊ. वायरी आणि बटणांचं दुकान. काटकसरीचा त्यांना नाद होता, आणि तो नाद दुसऱ्याला लावण्याचा त्याहून मोठा होता. एका संध्याकाळी ते आले, बसले, टेबलावरचं फोनचं बिल त्यांनी उचललं, आणि दादाला असाध्य रोग जडल्याची बातमी कळावी तसा चेहरा केला.

"दादा! तू अजून पोस्टपेड भरतोस?"

"का रे?"

"अरे, दिवसाढवळ्या लुटतायत तुला! ही नवी कंपनी बघ. प्रीपेड. निम्म्याहून कमी खर्च. आधी भरायचं, मग बोलायचं. महिनाअखेरीस बिल नाही, बिलात छुपी कलमं नाहीत, करारबिरार काही नाही. नंबरही हाच राहतो. घरबसल्या रिचार्ज. नाही आवडलं तर पुढचा रिचार्ज करू नकोस. कुणी दारात येऊन विचारणार नाही."

काकू चहाचं आधण ठेवत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "इतकं स्वस्त कसं परवडतं हो त्यांना, भावजी?"

"वहिनी, त्यांचे स्वतःचे टॉवरच नाहीत! मोठ्या कंपनीचे भाड्यानं घेतात. दुकान नाही, माणसं नाहीत. खर्चच नाही तर स्वस्त नाही का पडणार?"

"म्हणजे पोटभाडेकरू."

"अगदी बरोबर बोललात!"

"मग घरमालकाकडे पाहुणे आले की पोटभाडेकरूची खाट आधी बाहेर पडणार."

भावजींनी जरा मान खाजवली. माणूस काटकसरी असला तरी खोटा नव्हता. "तसं होतं खरं. संध्याकाळी सगळे एकदम नेटवर बसले की आपलं हळू चालतं. पण तुम्हाला कुठे सिनेमे बघायचेत?"

"आणि तळघरात? न्हाणीघरात? तिथे रेंज येते?"

"वहिनी, न्हाणीघरात जाऊन कोण फोन करतं?"

"आम्ही," काकू म्हणाल्या. पण तेवढ्यात मिस्त्री "हं" म्हणाले होते. त्यांच्या 'हं'चे बरेच प्रकार होते. हा होकाराचा होता.

काकूंना बोलता आलं असतं. 'अहो, पैसे वाचतील, पण माझं बोलणं जाईल,' एवढं एकच वाक्य. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असलं वाक्य सहजी ओठांवर येत नाही. आलंच, तर चहाच्या घोटाबरोबर परत खाली उतरतं. उतरलं.

सुरुवातीचे दिवस मात्र भावजींचे गोडवे गाण्यात गेले, हे कबूल केलं पाहिजे. नंबर तोच राहिल्यामुळे एकाही गिऱ्हाइकाला पत्ता लागला नाही. बिलाचं पाकीट यायचं बंद झालं आणि ते फोडताना मिस्त्रींच्या कपाळावर पडणाऱ्या आठ्याही बंद झाल्या. घरात, खिडकीपाशी, रेंज अगदी ठणठणीत. लेकीशी बोलताना तिचा श्वाससुद्धा ऐकू यायचा. मिस्त्री रिचार्ज करायला शिकले आणि तो झाल्याचा मेसेज आला की बक्षीस लागल्यासारखे दोनदा वाचू लागले.

घोड्यानं पेंड खाल्ली ती कामावर. न्हाणीघरं असतात घराच्या पोटात. चहूबाजूंनी भिंती, वर स्लॅब, आत लोखंड. जुन्या कंपनीचा आवाज तिथे कसाबसा का होईना पोचायचा. हा पोटभाडेकरू उंबऱ्यावरच थबकला. "उघ—" आणि फोन मेला. पुन्हा लावला, "बंद क—" आणि पुन्हा मेला. जिथे रेंज होती तिथे दुसरीच तऱ्हा. एकच कॉल फार वेळ चालला की कंपनी तो आपणहून तोडायची. कबुतरांचं भांडण ऐन रंगात आलं की पडदा पडलाच म्हणून समजा.

काकूंनी तक्रार करायला फोन लावला. दाद मागायला दुकान नव्हतं, माणूस नव्हता. होता एक गोड रेकॉर्ड केलेला आवाज. माहितीसाठी एक दाबा, रिचार्जसाठी दोन दाबा.

"आणि तुझा गळा दाबायचा तर कितवं बटण?" काकूंनी विचारलं. आवाजानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मिस्त्रींना मात्र कशाचं काही वाटलं नाही. उलट तरुणपणी उस्तादानं शिकवलेली विद्या त्यांनी पोतडीतून बाहेर काढली. खालून काकूंनी पाइपावर पान्यानं ठोका मारायचा. एक ठोका, उघड. दोन, बंद कर. तीन, खाली ये. लोखंडी पाइपातून आवाज कसा खणखणीत जातो!

"बघ!" पहिल्या दिवशी खाली येऊन ते म्हणाले. "फोन लागतोच कशाला? पुढच्या वेळी आणखी छोटा प्लॅन घेऊ."

काम व्यवस्थित चाललं होतं, फुल्या बरोबर पडत होत्या, भिंती मोजक्याच फुटत होत्या. पण दिवसभर ऐकायचं काय, तर ठण. ठण ठण. पाइप काही कुणाच्या सदऱ्याची गोष्ट सांगत नाही. आणि संध्याकाळी घरी आलं की 'हं', 'नको', 'झोपतो'.

"अहो, जुनंच बरं होतं," एकदा त्यांनी धीर करून म्हटलं.

"का? काम होतंय की."

"होतंय."

"मग?"

"काही नाही."

असे दिवस चालले असताना एका चार मजली जुन्या इमारतीतून बोलावणं आलं. तळमजल्यावर दातांचा दवाखाना. त्याच्या मागच्या भिंतीला एवढी ओल धरलेली, की खुर्चीत आ वासून पडलेले पेशंट दाताचं दुखणं विसरून भिंतीकडे बघत राहायचे. मिस्त्री गच्चीवर गेले. काकू दवाखान्यामागच्या चिंचोळ्या मोरीत पेला घेऊन उभ्या राहिल्या. फोन लागला नाही, ते अपेक्षितच होतं. काकूंनी पाइपावर ठोका मारला. धप्प. काहीच नाही. इमारतीतले पाणी आणणारे सगळे पाइप प्लास्टिकचे करून टाकलेले! प्लास्टिकला कसला आलाय कंठ?

मिस्त्री मजले उतरून खाली आले, धापा टाकत इकडेतिकडे बघू लागले आणि एकदम त्यांचे डोळे चमकले. मोरीच्या कोपऱ्यातून एक जाडजूड लोखंडी पाइप थेट वर गेला होता. पूर्वीचा सांडपाण्याचा. नवे पाइप टाकल्यावर काढायचा खर्च नको म्हणून तसाच उभा ठेवलेला, कैक वर्षांचा कोरडा ठणठणीत.

"हा मेलेला आहे," मिस्त्री म्हणाले. ज्यात पाणी नाही तो पाइप मेलेला, असा त्यांच्या धंद्याचा नियम. "तू खालचं झाकण काढ. मी वरून तोंड घालतो."

काकूंनी झाकण काढलं, गंजाची पापडी झटकली, कान लावला. थोड्या वेळानं त्या लोखंडी गळ्यातून आवाज आला. भरदार, घुमणारा, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा.

"अगं, येतोय का ऐकू?"

काकू पाइपात तोंड घालून ओरडल्या, "येतोय! उघडा."

"उघडला."

आणि मग तेच घडलं. वॉल्वचं चाक फिरू लागलं आणि जीभही फिरू लागली. "अगं, काय सांगू, समोर एक गृहस्थ टकलाला तेल लावून उन्हात बसलेत. कावळा दोनदा येऊन बघून गेला. अंडं ठेवायला जागा शोधतोय बहुतेक."

काकू हसता हसता भिंतीला टेकल्या. किती दिवसांनी! पेला सरकत होता, वरून गोष्टी येत होत्या, आणि ओलीचा माग लागत चालला होता. तेवढ्यात मिस्त्री खुशीत म्हणाले, "हे फोनपेक्षा झकास आहे गं! फुकटात! मी तर म्हणतो, रिचार्ज करणंच सोडून देऊ."

काकूंचं हसू जागच्या जागी थांबलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "वॉल्व सोडा जरा. माझं ऐका."

"काय गं? सापडली?"

"गळती गेली खड्ड्यात. तुम्ही घरी माझ्याशी बोलत नाही. 'हं' आणि 'नको' यावर मी किती वर्षं काढली, तुम्हाला कल्पना आहे? काढली, कारण दिवसभर फोनवर तुम्ही माझे होता. मी काय या भिंतींसाठी कामावर येते? मी येते डाव्या कानासाठी. तुमच्या भावानं तुमचे पैसे वाचवले हो, पण त्या पैशांबरोबर माझा नवराच वजा झाला. मला नको फोन आणि नको हा पाइप. मला बोलणारा माणूस हवाय घरात. तेवढं सांगायचं होतं."

काकूंनी कान पाइपाला घट्ट लावला.

मग पाइपातून आवाज आला. पण तो मिस्त्रींचा नव्हता.

"अहो मिस्त्री, उत्तर द्या की!" कुणा बाईंचा ठणठणीत आवाज होता. "मी तिसऱ्या मजल्यावरून बोलतेय."

काकूंनी पदर तोंडात कोंबला. पाइपात पाणी नव्हतं, हे खरं. पण प्रत्येक मजल्याच्या न्हाणीघरात त्याचं जुनं तोंड जाळीमागे तसंच उघडं होतं. पाणी नाही म्हणजे पाइप मेलेला, हे प्लंबरच्या नियमाला धरून होतं. आवाजाला तो नियम कुणी शिकवला नव्हता.

"द्या, द्या उत्तर! सकाळपासून ऐकतोय आम्ही," दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं.

"जे काय असेल ते लवकर उरका," आणखी एक पुरुषी आवाज आला. "मी अंगाला साबण लावून उभा आहे आणि पाणी तुम्ही बंद केलंय."

दवाखान्यातून चूळ भरण्याचा आणि फिसकन हसण्याचा आवाज एकदमच आला. चारही मजले कान देऊन बसले होते. अखेर वरून, अगदी बारीक, मिस्त्री बोलले.

"...वॉल्व उघडू का?"

"अरेरे!" सगळी इमारत एका सुरात कळवळली.

"काय माणूस आहे!" तिसऱ्या मजल्यावरच्या बाई कडाडल्या. "तुम्ही चहाला वर या हो. त्यांना राहू द्या गच्चीवर कावळ्याबरोबर!"

काम मात्र पुरं झालं. काकूंनी लाल चेहऱ्यानं फुली मारली आणि ती तंतोतंत बरोबर निघाली. छिन्नी घेऊन मिस्त्री जिना उतरले, तेव्हा प्रत्येक मजल्यावर दार किलकिलं होतं आणि प्रत्येक दारात एक चेहरा होता. वाक्य विसरलेला नट विंगेत परततो, तसे ते खाली मान घालून आले. कुणी टोमणा मारला नाही. साबणवाल्या गृहस्थांनी तर टॉवेल सावरत त्यांच्या पाठीवर थाप मारली.

घरी जाताना दोघंही गप्प. रात्र गप्प. सकाळी मिस्त्री चहासुद्धा न घेता बाहेर पडले आणि परतले ते पडेल चेहऱ्यानं.

"जुन्या कंपनीच्या दुकानात गेलो होतो. परत घेत नाहीत. एकदा कंपनी बदलली की नंबर काही महिने तिकडेच अडकतो म्हणाली काउंटरवरची मुलगी. मी म्हटलं, बायकोचा प्रश्न आहे. ती म्हणाली, नियम आहे."

घरातल्या घरात इतकी वाक्यं! काकू हातातलं काम टाकून बघत राहिल्या. ते ध्यानात येताच मिस्त्री पुन्हा मिटले.

संध्याकाळी मात्र ते तयारीनिशी आले. खुर्ची ओढली, काकूंच्या समोर मांडली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तोंडी परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले.

"बोलू?"

"बोला."

बराच वेळ गेला. कपाळावर घाम आला.

"आज... हवा बरी आहे."

"हं," काकू म्हणाल्या.

मिस्त्रींनी हात गुडघ्यांवरून काढून खिशात घातले, खिशातून काढून मांडीखाली घातले, तिथूनही काढले. "नाही जमत गं," ते शेवटी काकुळतीला येऊन म्हणाले. "गच्चीवर सगळं आपोआप सुचतं. इथे तू समोर बघतेस आणि सगळं विसरायला होतं."

काकूंना रागच येईना. त्या घामेजल्या, कासावीस माणसाकडे बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की याचा जीव अडलाय तो हातांत. नाटकात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या पोराचंही असंच होतं. वाक्य पाठ असतं, पण हातांचं काय करायचं ते कळत नाही आणि हातांच्या नादात वाक्य जातं. त्याच्या हातात काठी द्या, कंदील द्या, काहीही द्या, की वाक्य आपल्या पायांनी चालत येतं. मिस्त्री फोनमुळे बोलत नव्हतेच. हातात वॉल्व असायचा आणि डोळ्यांसमोर बायको नसायची, म्हणून बोलायचे.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री घरी आले, तर स्वयंपाकघरातला नळ सुटा होऊन कागदावर पडला होता. चकती इकडे, दांडा तिकडे, मूठ बशीत.

"हा नळ चांगला होता."

"होता."

"मग उघडला कुणी?"

"मी."

मिस्त्रींनी एकदा नळाकडे, एकदा बायकोकडे पाहिलं. मग मुकाट्यानं ओट्याकडे तोंड आणि काकूंकडे पाठ करून उभे राहिले. काकू मागे स्टुलावर टेकल्या आणि भाजी निवडायला घेतली. दांड्यावरचा गंज खरवडला जाऊ लागला. खर्र, खर्र. आणि त्या आवाजाच्या आडून दबकत, चाचपडत, एक वाक्य बाहेर आलं.

"अगं, त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा फोन आला होता."

"काय म्हणाल्या?"

"भिंतीला ओल नाहीये म्हणाल्या, पण येऊन जा. तुला घेऊन."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी 'हं' म्हणणार होतो," मिस्त्री म्हणाले, "पण सगळी इमारत ऐकत असेल अशी भीती वाटली."

काकू खो खो हसल्या. पाठमोऱ्या मिस्त्रींचे खांदे हलले, आणि मग गडी सुटलाच.

त्यानंतर त्या घरात रोज काहीतरी बिघडू लागलं. कडी, पंखा, स्टुलाचा पाय. भावजी आले तेव्हा मिक्सर उघडून पडला होता आणि मिस्त्री भिंतीकडे तोंड करून हौदाची गोष्ट सांगत होते.

"काय वहिनी, कसं काय वाटलं प्रीपेड?" भावजींनी ऐटीत विचारलं.

"खिडकीत बसून बोलणाऱ्याला फार छान," काकू म्हणाल्या. "पैसे वाचतात, बिलाची धास्ती नाही. पण जिथे रोजचं काम, तिथे आधी दुसऱ्या कुणाचा असला फोन नेऊन बघावा. आपण बघितला नाही, आपली चूक. मुदत संपली की जाऊ मोठ्या कंपनीकडे, पण तिथेही प्रीपेडच घेऊ. आधी भरायचं, मग बोलायचं, एवढं तुमचं पटलं मला."

"मी सांगतच होतो! दादा, आता विजेच्या बिलाचं ऐक. एक नवीन योजना आलीय—"

"थांब रे," मिस्त्री मिक्सरमधून मान वर न काढता म्हणाले. "मध्ये बोलू नकोस. माझं बोलणं चाललंय हिच्याशी."